आठ पायांची भावकी

विंचू कुणाला माहीत नाही? सरपणात हात घातला, गोवरी उचलली, अंधारात पायताण चढवले, की कधी तरी हा पाहुणा भेटतोच. त्याला पाहिले की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर ओरडतो, नाही तर पायताण उचलतो. तो कोण, कुठल्या कुळातला, त्याचे भाऊबंद कोण, हे विचारायला कुणाला सवड असते?

पण आम्ही म्हणतो, हे विचारले पाहिजे. कारण ओळख पटली की उपाय सुचतो. ओळख चुकली की उपायही चुकतो. कधी पीक जाते, कधी जनावर जाते, तर कधी माणूससुद्धा जातो. म्हणून या पाठात आपण विंचवाची आणि त्याच्या भावकीची ओळख करून घेऊ.

आधी पाय मोजा

प्राण्यांची ओळख पटवायला शास्त्रज्ञ अंगाची ठेवण पाहतात. रंग पाहून भागत नाही. काळी गाय आणि काळा कुत्रा एका जातीचे होत नाहीत. तेव्हा सोपी खूण घ्यावी ती पायांची.

माशी, मुंगी, झुरळ, टोळ, ढेकूण यांना पाय सहा. हे झाले कीटक. यांच्या डोक्याला दोन मिशा असतात. पुष्कळांना पंखही असतात.

खेकड्याला पाय दहा. त्याच्या दोन मोठ्या नांग्या म्हणजेसुद्धा पायच.

गोम आणि वाणी यांना पायांच्या रांगाच रांगा असतात.

आता विंचू घ्या. त्याला चालायचे पाय आठ. चार इकडे, चार तिकडे. मिशा नाहीत. पंख नाहीत. कोळ्याचेही पाय मोजा. आठच! गोचिडीचे मोजा. आठच! आणि मृगाचा पाऊस पडला की रानात लाल मखमलीचा एक गोजिरवाणा जीव हळूहळू चालताना दिसतो. त्याला आपण मृगाचा किडा म्हणतो. त्यालाही पाय आठच. नाव किडा असले तरी तो कीटक नाही. तो कोळ्या-विंचवांच्या भावकीतला आहे.

या आठ पायांच्या भावकीला मराठीत 'अष्टपाद' असे नाव आहे. अष्ट म्हणजे आठ, पाद म्हणजे पाय.

कुणी विचारील, "विंचवाला पुढे दोन चिमटे असतात, ते का मोजले नाहीत?" प्रश्न बरोबर आहे. विंचवाचे चिमटे म्हणजे पाय नव्हेत. ते तोंडाजवळचे अवयव आहेत. भक्ष्य धरायला तो ते वापरतो. कोळ्यालाही त्या जागी दोन लहान अवयव असतात. ते इतके पायांसारखे दिसतात की पाय दहा आहेत की काय असे वाटते. म्हणून मोजताना चालायचे पाय तेवढे मोजावेत.

पत्र आणि पत्ता

आपण पत्र लिहितो तेव्हा पत्ता कसा घालतो? देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी घरधन्याचे नाव. मोठ्यातून लहानात जात जात पत्र बरोबर दारात येते.

प्राण्यांचा पत्ताही तसाच असतो. सगळ्यांत मोठा तो संघ. संघात वर्ग. वर्गात गण. गणात कुल. कुलात प्रजाती. आणि शेवटी जाती. ज्यांच्या पायांना सांधे असतात अशा प्राण्यांचा संघ तो संधिपाद. कीटक, खेकडे, गोमी आणि अष्टपाद हे सगळे त्या संघात येतात. अष्टपाद हा त्यातला एक वर्ग. विंचू हा त्या वर्गातला एक गण.

ही मांडणी एका दिवसात झाली नाही. स्वीडन देशात लिनीअस नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत त्याने रूढ केली. त्याचे १७५८ सालचे पुस्तक पाहिले तर मौज वाटते. त्याने विंचू, कोळी, गोचीड, गोम, इतकेच काय पण खेकडासुद्धा कीटकांतच घातला होता! पुढे फ्रान्समधल्या लामार्क या शास्त्रज्ञाने बारकाईने पाहिले आणि १८०१ साली कोळी-विंचवांचे घर कीटकांपासून वेगळे मांडले. तेव्हापासून ही भावकी स्वतंत्र झाली.

आजही ही वाटणी पुरी झालेली नाही. नवे पुरावे मिळाले की शास्त्रज्ञ नावे बदलतात, घरे बदलतात. आपल्याकडच्या लाल विंचवाचे शास्त्रीय वर्णन १७९८ साली झाले. तेव्हापासून त्याच्या नावाचा पहिला शब्द अनेक वेळा बदलला. आज त्याला हॉटेंटोटा टॅम्युलस म्हणतात. सातबाऱ्यावर फेरफार होतात, तसेच हे. जमीन तीच, नोंद सुधारलेली.

भावकीतली घरे

अष्टपादांत लहानमोठी मिळून दहा-बारा घरे, म्हणजे गण आहेत. त्यातली मुख्य घरे पाहू.

पहिले घर कोळ्यांचे. कोळ्याच्या अंगाचे दोन भाग असतात आणि मध्ये बारीक कंबर असते. पोटाच्या टोकातून तो तंतू काढतो. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक कोळ्यांना विष असते, पण ते माशा-किड्यांपुरते. आपल्या घरातले, शेतातले बहुतेक कोळी माणसाला काही करीत नाहीत. उलट पिकावरचे किडे खाऊन ते फुकट राखण करतात.

दुसरे घर विंचवांचे. यांच्या जाती अडीच हजारांहून जास्त आहेत. हे घर फार जुने. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही विंचवांचे ठसे सापडले आहेत. तेव्हा माणूस नव्हता, गाय नव्हती, पाखरूसुद्धा नव्हते.

तिसरे घर गोचिडींचे आणि त्यांच्याहून बारीक अशा जिवांचे. यांचे अंग एकसंध असते. डोके, छाती, पोट असे वेगळे दिसत नाही. मृगाचा किडा याच घरातला.

बाकीची घरे लहान आहेत. त्यांतली काही विंचवासारखी दिसतात आणि फसवतात. दमट जंगलात एक काळा प्राणी असतो. चिमटे विंचवासारखे, पण मागे नांगीच्या जागी नुसता चाबकाच्या दोरीसारखा बारीक केस. त्याला विष नसते. छेडले तर आंबट वासाचा फवारा मारतो. दुसरा एक जुन्या वह्या-पुस्तकांत आणि झाडांच्या सालीखाली राहतो. तीळभर अंग, पुढे चिमटे, मागे शेपूटच नाही. तो बारीक किडे खातो. तिसरा कोरड्या माळावर रात्री वेगाने पळतो. अंग केसाळ, जबडे भले मोठे. पाहिले की छाती धडधडते, पण नांगी नाही. अशा निरुपद्रवी जिवांना लोक विंचू समजून मारतात.

तेव्हा विंचवाची खूण नीट ध्यानात ठेवा. आठ पाय, पुढे दोन चिमटे, मागे मण्यांच्या माळेसारखी शेपटी आणि शेपटीच्या टोकाला विषाची गाठ व काटा. शिवाय पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव. असा कंगवा दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नाही. जमीन चाचपायला विंचू तो वापरतो.

आपण 'विंचू चावला' म्हणतो. खरे म्हणजे तो तोंडाने चावत नाही, नांगी मारतो.

आणखी एक गोष्ट. विंचवाची पिल्ले आईला खाऊन बाहेर पडतात, असे पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. विंचवीण अंडी घालीत नाही. ती जिवंत पिल्ले देते. पिल्ले तिच्या पाठीवर चढतात, पहिली कात टाकीपर्यंत तिथेच राहतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही आपली म्हण मात्र अगदी खरी आहे.

इंगळी की लाल विंचू?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. विंचवांच्या गणात वीसहून अधिक कुले आहेत. आपल्या कामाची त्यातली दोन.

एका कुलात मोठे काळे विंचू येतात. काही गावांत यांना इंगळी म्हणतात. लांबी चार-पाच इंच. चिमटे जाड आणि भक्कम. त्या मानाने शेपटी बारीक.

दुसऱ्या कुलात आपला लाल विंचू येतो. रंग तांबूस, कधी पिवळट. लांबी दोन-तीन इंच. चिमटे बारीक, नाजूक. शेपटी मात्र जाड.

यांतला घातक कोणता? पुष्कळजण म्हणतील, "अहो, इंगळीच! केवढी मोठी, केवढे तिचे चिमटे!" पण खरे आहे ते उलटे. ज्याचे चिमटे मजबूत, तो भक्ष्य चिमट्यांनीच चिरडतो. त्याला जहाल विषाची गरज कमी. ज्याचे चिमटे नाजूक, त्याची सगळी भिस्त नांगीवर. इंगळीची नांगी लागली तर आग होते, ठणका लागतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. लाल विंचू लहान दिसतो, पण तो माणसाचा जीव घेऊ शकतो. लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

म्हणजे आपली भीती आकाराला होती. ती लावायला हवी होती कुळाला.

मंत्राने विंचू उतरतो का?

गावोगाव विंचू उतरवणारे असतात. कुणी मंत्र घालतो, कुणी मुळी उगाळून लावतो. आणि पुष्कळांचा विंचू उतरतोही. मग लोक म्हणतात, "आम्ही डोळ्यांनी बघितलंय!"

डोळ्यांनी पाहिले ते खोटे नाही. पण त्याचा अर्थ काय, ते पाहा. नांगी लागलेल्या माणसांत पुष्कळांना काळ्या विंचवाची किंवा दुसऱ्या सौम्य जातीची नांगी लागलेली असते. लाल विंचवाची लागली तरी दर वेळी विष जास्त अंगात जात नाही. ही वेदना काही तासांनी आपोआपच ओसरते. मंत्र घातला तरी ओसरते, न घातला तरी ओसरते. नाव मात्र मंत्राचे होते. पण ज्याच्या अंगात लाल विंचवाचे विष भिनले, त्याचे तेच मोलाचे तास मंत्रात जातात. मग मांत्रिक म्हणतो, "याचं आयुष्यच एवढं होतं." नाही हो! वेळेवर दवाखान्यात नेला असता तर तो वाचला असता.

महाडच्या डॉक्टरांचे काम

हे आम्ही कशाच्या जोरावर सांगतो? रायगड जिल्ह्यातल्या महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० नंतरच्या काळात विंचवाच्या रोग्यांवर उपचार करायला सुरुवात केली. कोकणात लाल विंचू फार. रोगी रात्री-अपरात्री येत. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसत आणि प्रत्येक लक्षण टिपून ठेवत.

त्यांना दिसले ते असे. लाल विंचवाचे विष रक्तवाहिन्या आवळते. पाण्याच्या नळीचे तोंड दाबून धरले तर पंपावर ताण येतो ना? तसाच ताण हृदयावर येतो. रक्तदाब वाढतो. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. रोग्याला दम लागतो आणि तो दगावतो.

मग डॉक्टरांनी विचार केला, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर? प्राझोसिन नावाची रक्तदाबावरची एक स्वस्त गोळी आधीच बाजारात होती. १९८० नंतरच्या काळात त्यांनी ती विंचवाच्या रोग्यांना दिली. पूर्वी गंभीर झालेल्या शंभर रोग्यांतले तीसच्या आसपास दगावत. या गोळीनंतर ते प्रमाण शंभरात चारच्याही खाली आले. पुढे विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार झाले. गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिले तर रोगी लवकर बरा होतो, असे बावस्करांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

ही औषधे डॉक्टरनेच द्यायची असतात. घरी आपल्या मनाने घेऊ नयेत.

नांगी लागली तर

विंचू दिसला तर त्याचा रंग लक्षात ठेवा. पण त्याला शोधण्यात वेळ घालवू नका. अंधारात रंग नीट दिसतही नाही. म्हणून विंचू कुठलाही असो, माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे. गाडी नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा.

वेदना किती, यावरून धोका मोजू नका. कधी कधी ठणका थोडाच असतो आणि आत विष काम करीत असते. खूप घाम, ओकाऱ्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, दम लागणे ही धोक्याची लक्षणे.

दोरी आवळून बांधू नका. जखम कापू नका. तोंडाने विष ओढू नका. माणसाला धीर द्या आणि निघा.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाशी विंचू जास्त निघतात. या दिवसांत पायताण झटकून घालावे. अंथरूण झाडून घ्यावे. सरपण-दगड काठीने हलवून मग उचलावेत. भिंतीच्या भेगा लिंपाव्यात.

बारीक भाऊबंद

भावकीतल्या लहानग्यांनाही विसरू नका. विंचू एखाद्या वेळी भेटतो. हे रोज भेटतात.

गोचीड जनावराचे रक्त पिते आणि गोचीड ताप पसरवते. संकरित गाईंना तो फार बाधतो. गोचीड जनावराच्या अंगावर अंडी घालीत नाही. ती खाली पडून गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणून नुसती गाय धुऊन भागत नाही, गोठाही साफ हवा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पाय सहाच असतात. पुढे कात टाकल्यावर ते आठ होतात. तेव्हा सहा पाय दिसले तरी फसू नका.

रानातली गोचीड माणसालाही आजार देते. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाजवळ एक नवा ताप सापडला. माकडेही त्याने मरत होती, म्हणून त्याला माकडताप म्हणतात. २०१५ साली तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळला. रानात माकड मरून पडलेले दिसले तर जवळ जाऊ नये. आरोग्य केंद्रात कळवावे.

खरूज हाही याच घरातल्या जिवाचा प्रताप. तो डोळ्यांना धड दिसत नाही. कातडीत बोगदा करून राहतो आणि अंगाला अंग लागून पसरतो. म्हणून खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचे असते. एकाने लावले नि दुसऱ्याने सोडले तर खरूज परत येते.

आणि शेतकऱ्याने तर हे नक्की ध्यानात ठेवावे. वांगी, भेंडी, मिरची यांवर बारीक कोळी पडतो. तो कीटक नाही, म्हणून कीटकांवरची पुष्कळ औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रजीव त्या औषधाने मरतात आणि कोळी अधिकच माजतो. त्यासाठी गंधकासारखे कोळीनाशक लागते. मिरचीची पाने वळली तर नीट बघा. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे. खालच्या बाजूला वळली असतील तर बहुधा कोळी. फुलकिडा सहा पायांचा, कोळी आठ पायांचा. दोघांचे औषध वेगळे. खात्री करून घ्यायला कृषी सहायकाला पान दाखवावे. नुसत्या अंदाजाने फवारले तर पैसा जातो आणि पीकही जाते.

थोडक्यात

सहा पाय तो कीटक, आठ पाय तो अष्टपाद.

आकार पाहून भिऊ नये. कूळ पाहावे.

बारीक चिमटे आणि जाड शेपटी, तो विंचू जास्त घातक.

नांगी लागली की मांत्रिकाकडे वाट वाकडी करू नये. थेट दवाखाना गाठावा.

सांगा पाहू

१. मृगाचा किडा कीटक आहे काय? कशावरून?

२. लाल विंचू आणि इंगळी यांच्यातला फरक सांगा.

३. मंत्राने विंचू उतरल्यासारखा का वाटतो?

४. तुमच्या घरात आणि शेतात आठ पायांचे कोणकोण राहतात? पाय मोजून त्यांची यादी वहीत लिहा.